पहिली मूठ

"हात दाखव," आत्या म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढं केले. आधी तळवे, मग पालथे. आत्यांनी माझी नखं एकेक करून निरखली, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, पदर झटकायला लावला. चाळण्यांवर बसलेल्या बायका माना खाली घालून कामात असल्याचं सोंग करत होत्या; चाळणी एकीचीही हलत नव्हती. नवी सून म्हणून त्या घरात आले त्याला वर्ष व्हायचं होतं आणि माझी झडती भर कारखान्यात, सगळ्यांसमोर चालली होती.

"आता धू," आत्या म्हणाल्या.

मी हात धुतले. जनाक्कानं, म्हणजे आमच्या कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईनं, कोरा पंचा दिला. मग मी पोत्यातली मूठभर हळद घेतली, पिंपात टाकली, पिंपाला नमस्कार केला आणि बाजूला झाले. माझं काम एवढंच. आणि ह्या एवढ्याशा कामापायी माझा संसार मोडायच्या बेतात आला होता.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. करमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि आमच्या आळीत घरटी कुंकवाचा धंदा. आत्यांचा कारखाना त्यात नावाजलेला. मालक, म्हणजे माझा नवरा दिगंबर, पाळण्यात होते तेव्हाच मामंजी गेले. तेव्हापासून ह्या बाईनं स्वतःचं कपाळ मोकळं ठेवून गावोगावच्या बायकांची कपाळं भरली. कुंकू अस्सल हळदीचं. हळदीच्या पुडीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावला की ती लाल होते. सावलीत वाळवायची, दळायची, चाळायची. आजूबाजूचे लोक रंग घालून स्वस्तात माल काढत होते, पण आत्यांनी कधी बोटभर रंग घरात आणू दिला नाही.

एका पिंपात एका वेळी होतो तो एक घाणा. आणि घाण्याची पहिली मूठ सवाष्णीनं घालायची, ही आळीची चाल. आत्यांना ती घालता येत नव्हती. इतकी वर्षं शेजारची त्यांची एक चुलत जाऊ येऊन घालून जायची. मी आले आणि मान माझ्याकडं आला; घरात सवाष्ण सून असताना बाहेरचीला बोलवायचं नाही, हीही चालच. केवढी हरखले होते मी! माझे वडीलही बार्शीकडचे कुंकूवालेच. लहानपणापासून आईला पहिली मूठ घालताना बघत आले होते. आता माझी पाळी आली होती.

माशी तिथंच शिंकली. पुण्याच्या एका कंपनीनं त्या सुमाराला आत्यांचा माल घ्यायला सुरुवात केली होती. 'शिसेमुक्त' असं डबीवर छापून ते विकायचे. कपाळाला लावायच्या वस्तूत शिसं नको, असा कायदाच आहे. कपाळावरून ते घामात उतरतं, हातावरून पोराबाळांच्या तोंडात जातं, आणि लहान पोरांच्या तर मेंदूवर बसतं. आत्या ह्या बाबतीत निर्धास्त होत्या. हळद आणि लिंबू, त्यात शिसं येणार कुठून? आणि एक दिवस औषध खात्याच्या बाई नोटीस घेऊन दारात उभ्या राहिल्या. दुकानातून उचललेल्या आमच्या डबीत शिसं सापडलं होतं.

आत्यांनी आधी हळदीच्या व्यापाऱ्याला धारेवर धरलं. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही लोक तिच्यात नको ते घालतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण हळद तपासली ती स्वच्छ निघाली. टाकणखार तपासला, तोही स्वच्छ. मग कंपनीनं अट घातली की प्रत्येक घाणा तपासल्याशिवाय माल बाहेर पडायचा नाही. त्यातून निघालं ते भलतंच. काही घाणे पास होत होते आणि काही नापास. हळद तीच, बाया त्याच, पिंपही तेच.

मेख कुणाच्या ध्यानात आली म्हणाल, तर जनाक्काच्या. ती वाईट बाई नव्हती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारच्या भाकरीला बसल्या बसल्या ती म्हणाली की धाकल्या वहिनी बाजूला बसतात त्या दिवसांतला घाणा कसा पास होतो बघा. त्या माहेरी गेलेल्या तेव्हाचेही सगळे पास. त्या दिवसांत पहिली मूठ पूर्वीसारखी शेजारची जाऊ घालत असे.

पुढचं सांगायला नको. आत्यांनी मागचं सगळं आठवून ताडून पाहिलं आणि ते खरं निघालं. माझा हात लागला की घाणा नापास. माझा हात नसला की पास. आणि मी लग्न होऊन येण्याआधीचा उरलेला मालही तपासला, त्यातला एकही नाही.

त्यात भर म्हणजे पुण्याची ती कंपनी आधी माझ्या वडिलांकडं माल बघायला गेली होती. ते काम आत्यांना मिळालं, वडिलांना नाही. सोयरीक त्यानंतरची. आत्यांनी दोन अधिक दोन केले. आता त्यांच्या लेखी मी सून नव्हते, बापानं पेरून ठेवलेलं माणूस होते. तोंडावर तसं म्हणाल्या नाहीत. पण माझ्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या. कपाटाची किल्ली कमरेला गेली. मी देवघरात गेले तरी कुणीतरी पाठोपाठ काहीतरी शोधायला यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी खात होते.

मालक वाईट नव्हते. पण आईसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा एकांतात मी विचारलं की तुम्हाला तरी काय वाटतं. ते म्हणाले, चुकून तर नाही ना काही पडत तुझ्या हातून? चुकून! त्या एका शब्दानं माझ्या पायाखालची जमीन सरकली. आपला माणूस म्हणवतो त्याच्याही मनात किडा शिरलेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

औषध खात्याच्या बाई शुक्रवारी पुन्हा येणार होत्या, ताज्या घाण्याचा नमुना घ्यायला. तो नापास झाला तर परवाना जाणार होता. आदल्या सोमवारीच आत्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू यावं अशा बेतानंच त्या बोलल्या. रविवारी या आणि पोरीला घेऊन जा. का, ते तुम्हाला ठाऊक हाय. परत कधी पाठवायचं ते मी कळवीन. आमच्याकडं असं कळवलेलं कधी येत नाही, हे लहान पोरालाही समजतं.

मी रडले, खोटं कशाला सांगू. दोन दिवस रडले. पण मग डोकं चालायला लागलं. मी काही घालत नाही, हे साऱ्या जगात मला एकटीला पक्कं ठाऊक होतं. आणि माझ्या मुठीचे घाणे नापास होतात, हेही खरं होतं. म्हणजे काय? म्हणजे कुणीतरी माझ्या मागून घालत होतं, आणि मुद्दाम माझ्याच घाण्यात घालत होतं, मी गुन्हेगार ठरावी म्हणून.

एकदा हे मनात आलं आणि मी आत्यांहून वाईट झाले. जनाक्काला बघितलं की वाटायचं, हिनंच बोभाटा केला, हिचाच हात असणार. खाई त्याला खवखवे. शेजारच्या जावेचा मान मी हिरावला होता, मुठीपायी मिळायची ती मानाची साडीही. मग ती का नसेल? ती रोज उगाच डोकावून जायची. आणि सांगायला लाज वाटते, मालकांचासुद्धा संशय घेतला मी. लग्नाआधी त्यांना दुसरी एक मुलगी सांगून आली होती असं ऐकलं होतं. रात्री ते झोपले की मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची आणि विचार करायची, हा माणूस मला घालवायला बघतोय का? एवढं सगळं झालं, पण आत्यांवर माझा संशय गेला नाही. कसा जाणार? स्वतःचा कारखाना स्वतःच्या हातानं कोण बुडवील?

शुक्रवार उजाडला. दुपारून बाई येणार होत्या, म्हणून घाणा सकाळीच लावला. मघाशी सांगितली ती झडती त्या दिवसाची. मूठ घातली, आणि स्वयंपाकाचं बघते असं मोठ्यानं म्हणून मी निघाले. परसातून वळसा घातला आणि मागच्या दारानं कोठारात शिरले. हळदीच्या पोत्यांची थप्पी छातीएवढी होती. तिच्या फटीतून पिंप समोर दिसत होतं. मनाशी ठरवलं होतं, आज जो कुणी हात घालील त्याचं मनगट धरायचं आणि धरूनच बाईंसमोर उभं करायचं.

जनाक्कानं उरलेली हळद ओतली. मी डोळ्यात तेल घालून तिच्या हाताकडं बघत होते. ओतून झाल्यावर आत्यांनी तिला लिंबाच्या रसाची बादली आणायला पाठवलं, आणि चाळणीवरच्या बायकांना अंगणातली ताटं उन्हातून सावलीत घ्यायला सांगितलं. पिंपापाशी त्या एकट्या उरल्या.

त्यांनी कमरेची चंची सोडली. चंचीतून पानाची नव्हे, कागदाची पुडी काढली. ती पिंपावरून ओवाळली, मीठमोहऱ्या ओवाळतात तशी, तीनदा. ओठ हलत होते. आणि पुडी उघडून त्यांनी सगळी पिंपात उपडी केली. शेंदरी रंगाची पूड होती ती. हातानं वरची हळद जरा खालवर केली, कागद पुन्हा चंचीत.

मला वाटलं होतं मी धावत सुटेन, ओरडेन. पण मनगट आत्यांचं होतं. शेवटी कशीबशी पोत्यांमागून बाहेर आले.

"आत्या, काय घातलंत?"

त्या दचकल्या नाहीत. उलट मलाच वरपासून खालपर्यंत बघितलं. "चोरून बघतीस व्हय?"

"काय घातलंत ते सांगा."

"देवाचा शेंदूर हाय. वेशीवरच्या मारुतीचा. शनवारी त्याच्या पायाशी ठेवून आणते."

"प्रत्येक घाण्यात घालता?"

"समद्यात कशाला? तुझा हात लागला की घालते. तू आलीस त्या दिवसापासनं घालते. तुझ्या बापाचा डोळा माझ्या धंद्यावर हाय, ते मला काय ठाऊक न्हाई? मूठ तुला घालू द्यावी लागती, चालच हाय तशी. पण तुझ्या हाताचं जे काय येतं ते देवानं उतरवावं, म्हणून घालते."

मी पिंपाच्या काठाला धरून उभी राहिले. रडू येत होतं, आणि हसूसुद्धा.

"आत्या," मी म्हटलं, "शेंदूर म्हणजेच शिसं."

"खुळी का काय? शिसं काळं असतं. पेन्सिलीतलं."

तेव्हा मला उमगलं की ह्या बाई इतके महिने काय शोधत होत्या. हळद तीन-तीनदा चाळून, उजेडात धरून, त्या काळे कण धुंडाळत होत्या. पेन्सिलीत जे असतं ते शिसं नव्हेच, आणि खरं शिसं भाजलं की त्याची पूड होते ती शेंदरी. हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. माझे वडील कुंकवाबरोबर देवाचा शेंदूरही विकायचे. त्याची खोली वेगळी, चाळणी वेगळी, घमेली वेगळी. पोरांना त्या खोलीत पाय टाकायची बंदी होती. आई तिथून आली की हात घासून धुवायची, लुगडं बदलायची आणि मगच आम्हाला जवळ घ्यायची. पुडीवरही छापलेलं असायचं की हा देवासाठी आहे, अंगाला लावू नये. मी हे सगळं आत्यांना सांगितलं. जमेल तसं, अडखळत.

आत्या ऐकत होत्या. तोंडावरची रेघ हलली नाही. माझं बोलून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे तुला आधीपासनं ठाऊक होतं."

"शेंदराचं? हो."

"मग इतकं दिवस बोलली न्हाईस ती?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "तुम्ही तो घालता हे मला कुठं ठाऊक होतं, आत्या?"

त्यांनी पिंपात बघितलं. हळदीत कुठंकुठं केशरी डाग दिसत होते. जनाक्का रसाची बादली घेऊन आली तशी त्यांनी हातानंच तिला थांबवलं. मग तिथंच पोत्यावर बसल्या. मला वाटतं, त्यांना तेव्हा सगळं एकदम उमगलं असावं. मी येण्याआधी एकही घाणा नापास झाला नव्हता, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. माझ्या हाताचे तेवढेच नापास व्हायचे, हेही खरंच. मी आले म्हणूनच ते विष पिंपात पडत होतं. फक्त ते माझ्या हातून पडत नव्हतं, माझ्या धास्तीनं पडत होतं.

दुपारी औषध खात्याच्या बाई आल्या. तडवी त्यांचं नाव, बोलायला मऊ पण नजर चलाख. घाणा थांबलेला बघून त्यांनी कारण विचारलं. मालक तोवर आले होते, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. चाळणीवरच्या बायका, जनाक्का, मालक, सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. आत्यांनी आता एक शब्द उलटा टाकला असता, तर माझ्याकडं पुरावा कुठला होता? पुडीचा कागद त्यांच्या चंचीत, आणि शेंदूरवाल्याची मुलगी मी. सगळं माझ्याच गळ्यात येऊन पडलं असतं. मालकसुद्धा त्यांच्याच बाजूनं गेले असते, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती.

आत्या उठून उभ्या राहिल्या.

"मी घातलं," त्या म्हणाल्या. "देवाचा शेंदूर. त्यात शिसं असतंय हे मला म्हाईत नव्हतं. सुनेनं आज सांगितलं, तवा कळलं."

तडवीबाईंनी लिहिता लिहिता विचारलं की शेंदूर का घातला.

"जुनी चाल हाय आमच्या घरची. सासूबाईंपासनं. घाणा लावला की घालायचा."

मी चमकून बघितलं. अशी चाल त्या घरात कधीच नव्हती. जनाक्कालाही ते ठाऊक होतं; तिचं तोंड उघडलं, पण आत्यांनी बघितल्यावर पुन्हा मिटलं.

"प्रत्येक घाण्यात?" तडवीबाईंनी पेन थांबवलं. "मग मधलेच काही पास कसे झाले?"

"ईसरले आसंन," आत्या म्हणाल्या. "म्हातारी झाले."

पाच वर्षांपूर्वी कुणी किती लिंबं कमी दिली हे तोंडपाठ सांगणारी बाई ती. तडवीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. खरं काय ते त्यांना समजलं असावं, पण त्यांनी आत्यांनी सांगितलं तेच लिहून घेतलं. परवाना काही महिन्यांसाठी थांबला, साठलेला सगळा माल त्यांच्यादेखत मोजून नेऊन नष्ट केला. दंड झाला. पुण्याची कंपनी हातची गेली ती गेलीच. पण कारखाना टिकला.

संध्याकाळी बायका घरी गेल्या आणि मालक माल नेणाऱ्या टेंपोबरोबर गेले. घरात आम्ही दोघीच. मला राहवेना. मी विचारलं, "आत्या, चाल म्हणून का सांगितलंत? खरं का नाही सांगितलं?"

"खरं काय सांगू?" त्या फणकारल्या. "सुनंला भ्याले म्हणून घातलं, असं? सरकारी कागदावर तुझं नाव लागलं आसतं. एकदा लागलं की जलमभर निघत न्हाई ते."

त्यांनी उठून फोन लावला. बार्शीकडचा नंबर त्यांना पाठ होता. माझ्या वडिलांना एवढंच म्हणाल्या की रविवारी येऊ नका, पोरीला पाठवत न्हाई मी. पलीकडून वडिलांनी का म्हणून विचारलं असावं. "कामाची हाय ती हितं," आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता सांगते ते आजवर कुणाला बोलले नाही. त्या बाईनं माझं नाव वाचवलं की स्वतःची अब्रू, हे मला त्या संध्याकाळी ठरवता येईना. सुनेला घाबरून स्वतःचा माल नासवला, हे आळीत फुटलं असतं तर लोक तिलाही हसलेच असते. वर्षभर तिनं माझ्याकडं जसं बघितलं होतं, तसंच मी तिच्याकडं बघायला शिकले होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आत्यांनी स्वतः चहा टाकला. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. दोन कप भरले, एक माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा घेऊन उंबऱ्यावर बसल्या. मी कप हातात धरून बसून राहिले. पुडी ओवाळणारा तो हात डोळ्यांसमोरून जात नव्हता. पिण्याचं धाडस होईना. आणि आत्यांनी ते बघितलं.

मला वाटलं, आता आग पाखडतील. पण त्या उठल्या, माझ्या हातातला कप घेतला, त्यातला एक घोट प्यायल्या आणि कप परत माझ्या हातात दिला.

पुढं आमचं चांगलं जमलं. भांडलो, हसलो, कारखाना पुन्हा उभा केला, माझी बाळंतपणं त्यांनीच काढली. मी कधी म्हटलं की आत्या, आता पुरे, तर ऐकायच्या नाहीत. त्या गेल्या त्या वर्षापर्यंत, हात थरथरायला लागले तरी, माझ्या कपातला पहिला घोट रोज सकाळी त्या माझ्यादेखत घेत राहिल्या.